निखारा की राख? मुलांचा ल्युपस आणि लघवीतले जैवसूचक

रक्त काढायचं म्हटलं की मूल आईच्या पाठीमागे दडतं. लघवीच्या बाटलीला मात्र कोणी घाबरत नाही. सुई नाही, उपाशी राहणं नाही. सकाळी उठल्यावर बाटली भरायची आणि शाळेच्या वाटेवर लॅबमध्ये ठेवून पुढे जायचं. ठाण्यातल्या बाळकूम नाक्यावर काय किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवर काय, पॅथॉलॉजी लॅबमधल्या सगळ्यांत स्वस्त तपासण्यांत ‘युरिन रुटीन’ असतेच, आणि स्वस्त म्हणूनच आपण तिला किरकोळीत काढतो. पण एका आजारात मुलाच्या किडनीला धोका आहे याची पहिली खबर बहुधा याच बाटलीतून येते. गेल्या वीस वर्षांत तर संशोधकांनी या बाटलीला आणखी एक, फार अवघड प्रश्न विचारायला घेतला आहे.

तो आजार म्हणजे ल्युपस, पूर्ण नाव सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा परक्या जंतूंऐवजी स्वतःच्याच पेशींवर उलटते. आजार विरळा आहे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीजवळच्या ग्रामीण भागातल्या पाहणीत लाखामागे सुमारे तीन रुग्ण आढळले होते. रुग्णांत बायकांचं प्रमाण खूप जास्त, आणि साधारण दहा ते वीस टक्के रुग्णांचा आजार अठराव्या वर्षाच्या आत सुरू होतो. लहानपणी सुरू झालेला ल्युपस मोठेपणीच्या ल्युपसपेक्षा तापट असतो. तो किडनीपर्यंत अधिक वेळा पोचतो. वेगवेगळ्या पाहण्यांत निम्म्यापासून ते ऐंशी टक्क्यांपर्यंत मुलांच्या किडनीला त्याची झळ लागलेली दिसते, आणि तीही बहुतेकदा निदानानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत.

बाळकुमातली एक तेरा वर्षांची मुलगी कल्पनेत घेऊ. दोन महिने अधूनमधून ताप येतोय. पावसाळ्याचे दिवस, त्यामुळे पहिला संशय मलेरियाचा, दुसरा डेंग्यूचा. दोन्ही रिपोर्ट चांगले येतात. मग सकाळी बोटं आखडतात, विंचरताना केसांचे पुंजके हातात येतात, उन्हात खेळून आली की दोन्ही गालांवर आणि नाकावर लाली चढते. घरात कोणी म्हणतं अशक्तपणा आहे, कोणी म्हणतं वयात येतेय. शेवटी एखादा जाणता बालरोगतज्ज्ञ ‘एएनए’ या अँटिबॉडीची तपासणी लिहून देतो. ती पॉझिटिव्ह येते, पाठोपाठ डीएनएविरुद्धच्या अँटिबॉडी वाढलेल्या आणि सी-३, सी-४ ही पूरक प्रथिनं घटलेली दिसतात. निदान पक्कं होतं. आता डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न येतो: किडनीला लागलंय का?

दुखत नाही, म्हणून कळत नाही

प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रौढ माणसाच्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं जवळपास सगळं पाणी परत शोषून घेतात. लघवी म्हणून बाहेर पडतं ते दीड-दोन लिटर. गाळणीला, म्हणजे ग्लोमेरुलसला, तीन थर असतात: आत रक्तवाहिनीचं सच्छिद्र अस्तर, मध्ये एक पातळ पडदा आणि बाहेरून त्याला कवटाळून बसलेल्या पायाळ पेशी. रक्तातल्या पेशी आणि मोठी प्रथिनं या तीन थरांपलीकडे सहसा जात नाहीत.

ल्युपसमध्ये अँटिबॉडी आणि त्यांनी पकडलेले स्वतःच्याच पेशींचे अंश यांच्या गुठळ्या या गाळणीत अडकतात. त्यांच्यामुळे पूरक प्रथिनांची साखळी पेटते. रक्तातली सी-३, सी-४ घटतात त्याचं एक मोठं कारण हेच, ती खर्ची पडत असतात. पाठोपाठ पांढऱ्या पेशी गोळा होतात, सूज येते, थर फाटतात. मग अल्ब्युमिनसारखं प्रथिन आणि लाल पेशी लघवीत उतरतात. याला ल्युपस नेफ्रायटिस म्हणतात.

हे सगळं चालू असताना मुलीला दुखत काहीच नाही. लघवीला फेस येणं, सकाळी डोळ्यांभोवती सूज, वाढलेला रक्तदाब ही लक्षणं दिसतात, पण ती उशिरा किंवा पुसट. रक्तातल्या क्रिएटिनिनवर विसंबावं, तर त्याचा आकडा ठळकपणे वर सरकेपर्यंत किडनीची निम्म्याच्या आसपास क्षमता गेलेली असू शकते. लघवी मात्र आधी बोलते. म्हणून ल्युपसचं निदान झालेल्या प्रत्येक मुलाची लघवी, काही त्रास नसला तरी, ठरावीक अंतराने तपासावी लागते.

लघवी पाहून आजार ओळखायची खटपट जुनीच आहे. योगरत्नाकरात लघवीवर तेलाचा थेंब सोडून तो कसा पसरतो यावरून रोगाचा अंदाज बांधायची तैलबिंदू परीक्षा सांगितली आहे. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावर सूज, लघवीत अल्ब्युमिन आणि बिघडलेली किडनी या तिन्हींची सांगड घातली. लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवायची आणि ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गढुळते का ते पाहायचं, इतकी साधी ती परीक्षा होती. १९५०च्या दशकात रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या बाजारात आल्या आणि चमचा-मेणबत्ती मागे पडली. आजही पट्टीवरचा पिवळा चौकोन हिरवा झाला की लघवीत अल्ब्युमिन आहे असं समजतं. रिपोर्टवरच्या एक, दोन, तीन अधिक-चिन्हांमागे बहुधा हीच पट्टी असते.

बायोप्सी काय देते आणि काय मागते

लघवीत प्रथिन सापडलं म्हणजे गाळणीला इजा आहे एवढं कळतं. कोणत्या जातीची आणि किती खोल, ते कळायला किडनीचा तुकडाच पाहावा लागतो. कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रून यांनी १९५१ मध्ये सुईने किडनीचा तुकडा काढायची रीत प्रसिद्ध केली. शिकागोच्या कार्क आणि म्यूर्क यांनी १९५४ मध्ये रुग्णाला पालथं झोपवून ती अधिक भरवशाची केली आणि १९५७ मध्ये त्यांच्याच गटाने बायोप्सीच्या आधारे ल्युपसमधल्या किडनीचं सविस्तर वर्णन केलं. आज जगभर २००३ साली ठरलेलं सहा वर्गांचं वर्गीकरण वापरतात. पहिला-दुसरा वर्ग सौम्य, तिसरा-चौथा दाहक, पाचव्यात गाळणीचा पडदा जाड होऊन भरपूर प्रथिन गळतं आणि सहाव्यात बहुतेक गाळण्या कायमच्या निकामी झालेल्या असतात.

बायोप्सीच्या रिपोर्टात वर्गाच्या खाली आणखी दोन आकडे असतात आणि पालकांचं त्यांच्याकडे सहसा लक्ष जात नाही. एक सक्रियता निर्देशांक, ० ते २४. दुसरा जीर्णता निर्देशांक, ० ते १२. पहिला सांगतो की आत्ता किती दाह चालू आहे. दुसरा सांगतो की झालेल्या दाहाचे किती व्रण कायमचे उरले आहेत. चूल वरून पाहिली तर राखच दिसते; राखेखाली निखारा आहे की नाही ते उकरल्याशिवाय समजत नाही. बायोप्सी म्हणजे ते उकरणं.

या दोन आकड्यांवर औषध ठरतं. दाह असेल तर स्टिरॉइडचा मोठा डोस, जोडीला मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फामाइड. नुसते व्रण असतील तर याच औषधांनी काही साधत नाही, तोटे तेवढे पदरात पडतात. मग भर रक्तदाब आटोक्यात ठेवण्यावर आणि प्रथिनगळती कमी करणाऱ्या औषधांवर द्यावा लागतो. मोठ्या माणसापेक्षा मुलाला या निवडीची किंमत जास्त मोजावी लागते. स्टिरॉइडने उंची खुंटते, हाडं विरळ होतात, चेहरा गोल होतो, मुरुमं येतात. सायक्लोफॉस्फामाइडच्या एकूण मात्रेचा संबंध पुढच्या आयुष्यातल्या अपत्यक्षमतेशी आहे. तेरा वर्षांच्या मुलीला आरशातला सुजलेला चेहरा नकोसा होतो, मग ती गोळ्या गुपचूप टाळते, आणि आजार उलटतो. मुलांचे ल्युपसचे डॉक्टर हे नेहमी पाहतात. गरजेपेक्षा एक गोळीही जास्त नको आणि एकही कमी नको, असा हा हिशेब आहे.

हा हिशेब दर महिन्या-दोन महिन्यांनी मांडावा लागतो. बायोप्सी मात्र दर महिन्याला करता येत नाही. मुलाला गुंगी द्यावी लागते, सोनोग्राफीत पाहत सुई घालावी लागते, रक्तस्रावाचा धोका असतो म्हणून नंतर तासन्‌तास उताणं पडून राहावं लागतं. शिवाय हाती लागतो तो दहा-वीस गाळण्यांचा बारीकसा तुकडा, त्यातून लाखो गाळण्यांचा अंदाज बांधायचा. वर्षा-दोन वर्षांतून एकदा ठीक. मधल्या काळात निखारा आहे की राख, हे दुसऱ्या कशावरून तरी ओळखायला हवं.

प्रथिनाचा आकडा कुठे कमी पडतो

आज त्यासाठी मुख्य साधन लघवीतल्या प्रथिनाचंच आहे, पण पट्टीवरची अधिक-चिन्हं त्याला पुरत नाहीत. समजा, एका सकाळी मुलीच्या लघवीत डेसिलिटरमागे ९० मिलिग्रॅम प्रथिन आलं. दुसऱ्या दिवशी ती भरपूर पाणी प्यायली आणि आकडा ३० झाला. प्रथिन कमी झालं का? नाही, लघवी पातळ झाली. म्हणून त्याच नमुन्यात क्रिएटिनिनही मोजतात, कारण ते लघवीत जवळपास ठरावीक गतीने येत राहतं. पहिल्या दिवशी क्रिएटिनिन ६० असेल आणि दुसऱ्या दिवशी २०, तर ९० भागिले ६० म्हणजे १.५ आणि ३० भागिले २० म्हणजेही १.५. आजार जिथल्या तिथे आहे. हे प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर दोन वर्षांवरच्या मुलात ०.२ च्या आत असावं. ल्युपसमध्ये ते सातत्याने ०.५ च्या वर राहिलं की बायोप्सीचा विचार होतो. २ च्या वर गेलं तर गळती मोठी. चोवीस तासांची लघवी साठवण्याचा त्रास या गुणोत्तराने वाचवला. शाळेत जाणाऱ्या मुलाकडून ते काम नीट होणं तसंही कठीणच.

तरीही मूळ अडचण राहतेच. फाटलेली गाळणी दाह थांबल्यावर लगेच सांधत नाही. उपचार लागू पडले तरी प्रथिन महिनोन्‌महिने गळत राहतं. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०१९च्या शिफारशींतली अपेक्षाच पाहा: तीन महिन्यांत गळती किमान पाव हिश्शाने, सहा महिन्यांत निम्म्याने कमी व्हावी आणि वर्षभरात गुणोत्तर ०.५ ते ०.७ च्या खाली यावं. म्हणजे सहाव्या महिन्यात गुणोत्तर १ असेल, तर ती सावकाश भरून येणारी जुनी जखम आहे की आत धुमसणारा दाह, हे या आकड्यावरून सांगता येत नाही. उलटही घडतं. प्रथिन जवळजवळ थांबलेल्या रुग्णांची पुन्हा बायोप्सी केली तेव्हा काहींच्या किडनीत दाह शिल्लक सापडला आहे. प्रथिन हे इजेचं माप आहे. दाहाचं माप वेगळं शोधायला हवं होतं, आणि दाह चालू असताना किडनीतल्या पेशी ज्या गोष्टी लघवीत सोडतात तिथे ते शोधणं ओघानेच आलं.

हृदयाच्या शस्त्रक्रियेतून आलेला धागा

एनगॅल नावाचं एक छोटं प्रथिन १९९३ मध्ये कोपनहेगनच्या प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशींमध्ये सापडलं. जिवाणूंना लागणारं लोह पळवून त्यांची उपासमार करणं हे त्याचं एक काम. दहा वर्षांनी अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात जया मिश्रा, प्रसाद देवराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की किडनीच्या नलिकांना इजा झाली की त्यांच्या पेशी हेच प्रथिन झपाट्याने बनवू लागतात. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं काम छापून आलं. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांपैकी ज्यांच्या किडनीला पुढे इजा झाल्याचं ठरलं, त्यांच्या लघवीत एनगॅल दोन तासांतच वाढलेलं होतं. रक्तातल्या क्रिएटिनिनला तेच सांगायला एक ते तीन दिवस लागले.

त्याच रुग्णालयात हर्मिन ब्रुनर या मुलांच्या संधिवाताच्या तज्ज्ञ ल्युपसच्या मुलांवर उपचार करत होत्या. इजा दोन तासांत कळते, तर ल्युपसचा भडकाही आधी कळेल का? २००६ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की किडनीचा आजार सक्रिय असलेल्या ल्युपसच्या मुलांत लघवीतलं एनगॅल जास्त असतं. २००९च्या अभ्यासात तर काही मुलांत आजार बळावण्याच्या तीन महिने आधीपासून ते वर चढताना दिसलं. तीन महिने म्हणजे औषध वाढवायला, किंवा मूल गोळ्या टाळतंय का हे मायेने विचारायला मिळालेली सवड.

एनगॅलच्या मागोमाग इतर नावं आली. एमसीपी-१ हे मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींना बोलावणं धाडणारं प्रथिन. दाह चालू असला की किडनीतल्याच पेशी ते सोडतात, त्यामुळे लघवीतलं त्याचं प्रमाण थेट किडनीतल्या घडामोडी सांगतं. किम-१ हे गाळणीलगतच्या नलिकेच्या पेशी दुखावल्या की त्यांच्या पृष्ठभागावर उगवतं आणि तुटून लघवीत येतं. सीडी-१६३ हे मॅक्रोफेज पेशींच्या अंगावरचं प्रथिन. गाळणीत या पेशींची गर्दी झाली की ते लघवीत वाढतं. सेरुलोप्लाझ्मिन हे तांबं वाहून नेणारं, अल्ब्युमिनच्या दुपटीहून जड प्रथिन. एरवी ते गाळणी ओलांडूच शकत नाही, म्हणून ते लघवीत दिसलं की गाळणीची अवस्था वाईट आहे असं समजावं.

पण एकच प्रथिन कुठेतरी चकवतं. एनगॅल पांढऱ्या पेशींतही असतं, त्यामुळे मुलीला साधं लघवीचं इन्फेक्शन झालं तरी ते वाढतं. एमसीपी-१ दाह सांगतं, व्रण सांगत नाही. किम-१ नलिकेची कथा सांगतं, गाळणीची नाही. म्हणून संशोधक एका साक्षीदाराऐवजी पाच-सहा साक्षीदारांची जबानी एकत्र घेऊ लागले.

सिनसिनाटीच्या गटाने ल्युपसच्या मुलांच्या लघवीतली प्रथिनं सरसकट चाळली. त्यातून ट्रान्सफेरिन, सेरुलोप्लाझ्मिन, अल्फा-१ अॅसिड ग्लायकोप्रोटीन आणि एलपीजीडीएस अशा प्रथिनांचा संच पुढे आला. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या मायकेल बेरेसफोर्ड यांच्या गटाने तो आपल्याकडच्या मुलांवर पडताळला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पडताळणीत ब्रिटनमधल्या मुलांत या संचाला ०.९२ आणि अमेरिकेतल्या मुलांत ०.९९ गुण मिळाले. या गुणांचा अर्थ असा: सक्रिय आजाराचं एक मूल आणि शांत आजाराचं एक मूल अशी जोडी चिठ्ठ्या टाकून निवडली, तर १०० पैकी ९२ जोड्यांत हा संच सक्रिय मुलाला जास्त आकडा देईल. ०.५ म्हणजे छापा-काटा, १ म्हणजे कधीच न चुकणारा. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या मुलांतही अशा संचांची पडताळणी प्रसिद्ध झाली.

ब्रुनर यांच्या गटाने २०१६ मध्ये याहून एक पाऊल पुढे टाकलं. त्यांनी एनगॅल, एमसीपी-१, किम-१, सेरुलोप्लाझ्मिन, अॅडिपोनेक्टिन आणि हीमोपेक्सिन ही सहा प्रथिनं एका सूत्रात बसवली आणि त्या निर्देशांकाला ‘रेल’ नाव दिलं. त्यांनी तो ताडून पाहिला तो प्रथिनगळतीशी नव्हे, तर बायोप्सीतल्या सक्रियतेच्या आकड्याशी. नवं साधन ज्याची जागा घेऊ पाहतं त्याच्याशीच त्याची तुलना व्हायला हवी, आणि इथे ती झाली.

परळ आणि लखनौ

बाळकुमातल्या आपल्या मुलीची पुढची वाट बहुधा ठाणे स्टेशनवरून परळला जाते. १९२६ पासूनचं केईएम आणि १९२९ पासूनचं मुलांचं वाडिया रुग्णालय दोन्ही तिथेच, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. १९५७ मध्ये रक्तगटांचं संदर्भ केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली. १९५२ साली ‘बॉम्बे’ रक्तगटाचा शोध जाहीर करणाऱ्या वाय. एम. भेंडे यांच्या सहलेखकांपैकी एच. एम. भाटिया हे याच संस्थेशी जोडलेले. रक्तगट काय आणि ल्युपस काय, दोन्हींत अँटिबॉडी कशाला चिकटते हाच मूळ प्रश्न, त्यामुळे संस्थेचं काम ल्युपसकडे वळणं स्वाभाविक होतं. १९८९ मध्ये ‘इंडियन पीडिअॅट्रिक्स’मध्ये उमा अली आणि सहकाऱ्यांचा भारतीय मुलांमधल्या ल्युपसवरचा लेख आला, त्याच्या लेखकांतही भाटियांचं नाव आहे. हा आजार आपल्या मुलांत दुर्मीळ समजला जाई, त्या काळातलं हे मुंबईचं काम.

लघवीतल्या जैवसूचकांवरचं भारतातलं ठळक काम लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेत अमिता अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. ल्युपस नेफ्रायटिसच्या रुग्णांना काही महिने पाठपुराव्यात ठेवून त्यांनी लघवीतलं एमसीपी-१ पुन्हा पुन्हा मोजलं. एकदाच मोजण्यापेक्षा हे मोलाचं, कारण डॉक्टरला हवी असते ती दिशा: आकडा चढतोय की उतरतोय. २०१७ मध्ये याच गटाने हैदराबाद आणि पुदुच्चेरीच्या संशोधकांसह हॅप्टोग्लोबिन, अल्फा-१ अँटिकायमोट्रिप्सिन आणि रेटिनॉल बाइंडिंग प्रोटीन ही आणखी तीन नावं मांडली. भारतीय रुग्णांची आकडेवारी स्वतंत्रपणे लागतेच. पेशंट उशिरा येतात, त्यांना इन्फेक्शनं जास्त असतात आणि उपचारांची गाडी मध्येच थांबते. सिनसिनाटीत ठरलेली सीमारेषा इथे जशीच्या तशी चालेल असं गृहीत धरता येत नाही.

बाळकूम नाक्यावर अजून का नाही

मग ही तपासणी डॉक्टर लिहून का देत नाहीत? २०१९च्या युरोपीय शिफारशी असोत की किडनीच्या आजारांसाठीच्या ‘केडिगो’ या जागतिक गटाची २०२४ची मार्गदर्शिका, निर्णयाचा आधार अजून प्रथिनगळती, लघवीतल्या पेशी, क्रिएटिनिन, रक्तदाब आणि बायोप्सी हाच आहे. याला कारणं आहेत.

पहिलं, अभ्यास छोटे आहेत. मुलांतला ल्युपस विरळा, त्यामुळे एकेका गटात काही डझन मुलंच असतात. इतक्या थोड्या मुलांवर तयार झालेलं सूत्र त्याच मुलांवर झकास चालतं, नव्या मुलांत त्याची धार थोडी बोथट होते. दुसरं, मोजमापाची एकवाक्यता नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटवर एकाच नमुन्याचे आकडे वेगळे येऊ शकतात. तिसरी अडचण मुलांचीच खास आहे. हे सूचकही क्रिएटिनिनने भागून घेतात, पण लघवीतलं क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. सहा वर्षांच्या मुलाचे आणि सोळा वर्षांच्या मुलाचे स्नायू सारखे नसतात, आणि स्टिरॉइडने स्नायू झिजलेल्या मुलाचं क्रिएटिनिन आणखी कमी. छेदातली संख्या लहान झाली की गुणोत्तर उगाच फुगतं. चौथं कारण सगळ्यांत महत्त्वाचं: सूचकाच्या आकड्यावरून औषध बदललेल्या मुलांच्या किडन्या, नेहमीच्या पद्धतीने औषध बदललेल्या मुलांपेक्षा चांगल्या राहतात का, हे मोठ्या अभ्यासातून सिद्ध व्हायला हवं. आजार ओळखणं आणि ओळखल्यामुळे मुलाचं भलं होणं यांत अंतर असतं.

हातात आहे ते नीट वापरायचं

नवे सूचक येईपर्यंत जुनी बाटली नीट भरली गेली तरी पुष्कळ मिळवलं. किशोरवयात काही निरोगी मुलांच्या लघवीतही दिवसभर उभं राहिल्याने थोडं प्रथिन येतं आणि रात्री झोपल्यावर थांबतं. दुपारी शाळेतून येताना दिलेल्या नमुन्यात ते आजारासारखं भासू शकतं. म्हणून रात्री झोपताना लघवी करून झोपायचं आणि सकाळी उठल्याबरोबरची पहिली लघवी द्यायची. सुरुवातीची थोडी सोडून मधल्या धारेची घ्यायची. मुलीची पाळी चालू असेल तर तपासणी पुढे ढकलायची, नाहीतर लाल पेशींचा हिशेब चुकतो. ताप असताना किंवा आदल्या दिवशी खूप दमछाक झाली असताना आलेल्या वाढीव आकड्याने घाबरून न जाता तपासणी पुन्हा करायची.

वेळेचंही महत्त्व आहे. सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशींचे साचे, म्हणजे नलिकेत एकत्र गोठून आलेले दंडगोल, दिसले तर तो गाळणीतल्या दाहाचा भक्कम पुरावा असतो. पण हे साचे नाजूक असतात, बाटली तासन्‌तास तशीच पडली की विरघळतात. बाळकुमातून बाटली पिशवीत घालून, रिक्षा आणि लोकल करत परळच्या ओपीडीत पोचेपर्यंत सकाळचा नमुना शिळा होतो. पेशी पाहायच्या असतील तर नमुना शक्यतो तपासणीच्या ठिकाणीच, ताजा द्यावा. प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर मात्र घराजवळच्या लॅबमध्ये करून रिपोर्ट नेला तरी चालतो. दर वेळी एकच लॅब ठेवली तर आकड्यांची तुलना सरळ होते. रिपोर्टवर नुसती अधिक-चिन्हं असतील तर गुणोत्तर मागून घ्यावं.

आपल्याकडे नेफ्रोटिक सिंड्रोम या दुसऱ्या आजाराच्या मुलांच्या आईवडिलांना मुलांचे किडनीतज्ज्ञ अनेक वर्षं एक गोष्ट शिकवत आले आहेत. घरी पट्टीने किंवा लघवी तापवून प्रथिन पाहायचं आणि वहीत तारखेवार लिहून ठेवायचं. पाटी-पेन्सिलीइतकी साधी ही पद्धत कित्येक आयांनी काटेकोरपणे चालवली आहे. ल्युपसच्या मुलातही डॉक्टरांच्या सल्ल्याने अशी वही ठेवता येते. तारीख, गुणोत्तर, रक्तदाब, वजन आणि त्या दिवशीचा स्टिरॉइडचा डोस एवढे पाच रकाने पुरेत. एक सुटा रिपोर्ट फार थोडं सांगतो, बारा महिन्यांचे आकडे एका पानावर आले की चढ-उतार डोळ्यांना दिसतो. राहून गेलेल्या गोळ्याही त्यात लिहिल्या जाव्यात, आणि त्या लिहिल्याबद्दल मुलीला बोलणी बसू नयेत. आकडा वाढल्यावर डॉक्टरला सगळ्यांत आधी हेच जाणून घ्यायचं असतं.

लघवीतले नवे जैवसूचक उद्या ठाण्यात आले तरी ते या वहीची जागा घेणार नाहीत. तिच्यात एक रकाना वाढवतील. त्या रकान्याची उपयुक्तता पारखायला पालकांनी आणि डॉक्टरांनी तीन गोष्टी विचाराव्यात. आकडा प्रथिनगळतीपेक्षा वेगळं काही सांगतो का? तो परवडेल अशा खर्चात दर महिन्याला पुन्हा मोजता येतो का? आणि तो पाहून औषध कमी-जास्त करण्याचा निर्णय खरोखर बदलतो का? तिन्हींची उत्तरं होकारार्थी आली, तर बायोप्सीची एखादी सुई आणि स्टिरॉइडचे काही महिने मुलांचे नक्की वाचतील. एखादंही उत्तर नकारार्थी आलं, तर महागड्या तपासणीवर जाणारा पैसा परळच्या न चुकवलेल्या फेरीवर आणि वेळेवर घेतलेल्या औषधावर खर्च केलेला बरा.